बर्वेकाकांची चिमूट

बर्वेकाका कोंबड्यांचं खाद्य आधी स्वतः चाखत. मिलमध्ये नवा लॉट निघाला की चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि "मीठ जास्त झालंय" असं काहीतरी जाहीर करायचे. नागपूरहून वर्क व्हिसावर इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या त्या खाद्याच्या मिलमध्ये मी नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रकार बघून मला शिसारी आली होती.

खाद्याचे फॉर्म्युले मी बनवायचे, सही काकांची. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, त्यांनी मला जेवणाच्या डब्यातून शिकवली. वरणभात कालवत म्हणाले, "डाळीत लायसीन भरपूर, मेथिओनिन कमी. भाताचं उलटं. जे सगळ्यात कमी पडतं ना, त्याच्यापुढे कोंबडीची वाढ जातच नाही. बाकी कितीही घाल, वेस्ट."

एवढं शिकूनही मी माती खाल्लीच. सोया कमी करून इथले बीन्स घातले, प्रथिनं जुळवली, लायसीन जुळवलं. मेथिओनिन वाढवायचं राहिलं. म्हणजे नुसतंच वरण. काका घाईत होते, त्यांनी माझ्यावर विसंबून सही केली. काही आठवड्यांनी आमचं खाद्य घेणाऱ्या मार्गारेटच्या फार्मवरून फोन आला: अंडी लहान झालीत आणि कोंबड्या एकमेकींची पिसं उपटताहेत. तिथे गेले तेव्हा शेडमधल्या कोंबड्यांच्या त्या उघड्या, लाल पाठी बघून मला रडू आलं. आणि खरं सांगते, व्हिसाचीही भीती वाटली. रिन्यूअल पुढच्याच महिन्यात होतं.

मॅनेजरने विचारलं तेव्हा मी चूक कबूल केली. काका मध्येच शांतपणे म्हणाले, "सही माझी आहे. न तपासता केली." मला वॉर्निंग मिळाली. काकांचा सहीचा अधिकार गेला आणि निवृत्तीच्या काही महिने आधीच ते घरी बसले. मला फार अपराधी वाटलं. माफी मागायला गेले तर म्हणाले, "अगं, माझं सोड. पिसं येईपर्यंत दर शनिवारी शेडवर जा."

दर शनिवारी त्यांचा फोन यायचा. हॅलोसुद्धा नाही, "पिसं आली का?" योग्य खाद्य सुरू झाल्यावर हळूहळू पाठी भरल्या. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, "छान. आता सही तू करायला शीक."

आज सही माझी असते. जिभेला मेथिओनिन कळत नाही, हे काकांनाही ठाऊक होतं. तरी सहीआधी मी चिमूटभर खाद्य तोंडात टाकते. शिसारी अजून येते; पण ती चव जाईपर्यंत फॉर्म्युल्याचा कागद पुन्हा एकदा वाचून होतो.