देवीचे वण

जालन्याच्या बाजारात भांड्यांवर नावं कोरणारा तो म्हातारा मला रोज दिसायचा. त्याचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही. निजामी गेली, निवडणूक झाली आणि आम्ही निवडलेल्या पहिल्या नगराध्यक्षांचं चित्र पितळी पत्र्यावर कोरायचं काम त्याच्याकडे आलं. नगरपालिकेच्या संग्रहालयात आधीच्या, वरून नेमलेल्या साहेबांची कोरीव चित्रं होती. सगळ्यांचे गाल लोण्यासारखे!

म्हाताऱ्यानं अध्यक्षांच्या गालांवरचे देवीचे वणही ठोक्याठोक्यानं उमटवले. कारकून भडकला, "चाचा, हे घासून काढा. न्हाईतर चित्र लागणार न्हाई."

"त्या साहेबांला सरकारनं नेमलं होतं," म्हातारा म्हणाला. " याला आम्ही हेच तोंड पाहून मत दिलं. बिलकुल घासणार न्हाई."

अध्यक्ष आले, पत्र्यावरून बोट फिरवून हसले. "बराबर माझंच थोबाड हाय. लावा!"

त्या गुळगुळीत रांगेत पत्रा लागला, आणि भिंतीवर पहिल्यांदाच आमच्यातला माणूस दिसला.