पंचमीची रजा

मी आज एचआरमध्ये आहे तो गयामावशींमुळे. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये त्या निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम होत्या. सही करायच्या, पण वाचता येत नव्हतं. एका दुपारी त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“सायेब, यादी कुणी केली?”

“मी.”

यादी नागपंचमीच्या रजेची होती. मी किनवटकडचा, इस्लापूरचा. घरातला पहिला ग्रॅज्युएट. नांदेडला एचआरच्या नोकरीसाठी गेलो तेव्हा मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, “आधी रिलेव्हंट एक्स्पिरियन्स आणा.” एचआर म्हणजे माणसांची भरती, हजेरी, रजा, तक्रारी. तो अनुभव कुठे मिळतो, मला ठाऊक नव्हतं. शेवटी या मिलमध्ये हजेरी लिहिणारा टाइमकीपर झालो. वर्षभराने शेठ अनुभवाचं सर्टिफिकेट देणार होते.

मशीनमधून सुटलेले खडे हाताने काढायला डाळीच्या सरकत्या पट्ट्यावर बावीस बायका बसत. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी जातात, पण तेव्हाच तुरीची मोठी ऑर्डर होती. शेठ म्हणाले, “आठ जणींना सोड. काम अडलं तर सर्टिफिकेट विसर.”

मी सीनिऑरिटी लावली. जी आधी कामाला लागली, तिला आधी रजा. एक्सेलमध्ये यादी काढून बोर्डावर चिकटवली. मला ती फार न्याय्य वाटली. तासाभरात, यादीत नाव नसलेल्या मीराने ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. लग्नानंतरची तिची पहिली पंचमी होती. “मला न्हाई करायचं काम,” एवढंच म्हणाली आणि गेली.

तिच्या मागोमाग मावशी आल्या होत्या.

“पहिलं नाव माझं हाय म्हणे.”

“तुम्ही सगळ्यात जुन्या ना, मावशी.”

“माझी माय जाऊन बारा वर्सं झाली. भाऊ बी न्हाई. रजा घेऊन बसू कुठं, एसटी स्टँडवर?”

मी खजील झालो. पेन उचललं. “सगळ्यांना विचारतो, आई आहे का म्हणून.”

“आसं इचारतेत का? जिची माय गेली तिला काय वाटंल? म्हणा, पंचमीला न्यायला कोण येनार हाय.”

मी एकेकीजवळ जाऊन तसंच विचारलं. कुणी लाजत भावाचं नाव सांगितलं. कुणी “मी हाय की हितंच” म्हणून डाळीकडे बघत राहिली. यादीतल्या पाच जणींनी आपणहून नाव काढायला लावलं. नवीन यादीत मीरा आली, पण नावं नऊ झाली. नववी शांता. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती.

“आठ म्हणजे आठ,” शेठ म्हणाले.

“नववीच्या जागी मी बसतो, शेठ.”

“तू? तुला खडा दिसतो का?”

मावशी दारातून म्हणाल्या, “मी शिकवते की. हुशार हाय पोरगं, शिकलंय जरा जास्त.”

शेठ हसले. “माल परत आला तर दोघंही घरी.”

पंचमीला मी मावशींशेजारी बसलो. माझ्या हातून सुटलेले खडे त्या उचलत होत्या. संध्याकाळी ट्रक गेला. माल परत आला नाही. तिसऱ्या दिवशी मीरा मेंदीच्या हातांनी ओळखपत्र मागायला आली. वर्ष भरल्यावर मला सर्टिफिकेट मिळालं आणि नांदेडची नोकरीही.

नियम सगळ्यांना सारखा लावला की काम सोपं होतं. बरोबर होतंच असं नाही.

नोकरी लागल्यावर मी मावशींना पत्र पाठवलं:

“गयामावशी, नमस्कार. हे पत्र मीराकडून वाचून घ्या. इथे रजेचा अर्ज कॉम्प्युटरवर येतो. तरी मी माणसाला बोलावून विचारतो, तुम्ही सांगितलं तसं. त्या दिवशी मी पट्ट्यावरच्या सगळ्यांना विचारलं, तुम्हाला मात्र विचारायचं राहिलं. यंदा पंचमीला तुम्हाला न्यायला मी येतो. आईला सांगितलंय, तिने इस्लापूरला झोका बांधायला काढलाय. तुमच्या रजेचा अर्ज मी लिहून सोबत ठेवला आहे. फक्त सही करा.”