बाथरूमच्या दाराला टेकलेली बकेट

माझ्या सासऱ्यांना मी एकदा बाथरूममध्ये कोंडलं आहे. हेतू शुद्ध होता. मला फक्त कुतूहल होतं.

माझी सासुरवाडी जूचंद्रची. मेहुणा नीलेश याच्या ट्रॅक्टरला मागे खोदकामाचा लोखंडी हात आहे आणि हाताच्या टोकाला दातेरी बकेट. तो हात तेलाच्या दाबावर वर-खाली होतो. पण वर नेऊन इंजिन बंद केलं, तरी आपोआप हळूहळू खाली यायचा. "जॅकचं सील गेलंय, आतल्या आत तेल सरकतं," नीलेश म्हणाला. मी विमा कंपनीत कारकून (आमच्या फ्लॅटमध्ये तेल सरकतं ते फक्त भज्यांचं), त्यामुळे ही गंमत मला स्वतः बघायची होती.

संधी मिळाली ती नेमकी धाकट्या मेहुणीला बघायला पाहुणे येणार त्या सकाळी. नीलेश मिठाई आणायला गेला होता, ट्रॅक्टर अंगणात उभा होता. मी तेलाच्या टाकीचं झाकण काढून आत डोकावलो, फडक्याने कड पुसली, झाकण लावलं. मग इंजिन सुरू करून हात वर नेला, इंजिन बंद केलं आणि बायकोला बोलवायला घरात गेलो.

"मनीषा, चल, गंमत दाखवतो."

"पुऱ्या लाटू की गंमत बघू?"

तिला पटवून बाहेर आणेपर्यंत हात निवांत उतरला होता आणि बकेट अंगणातल्या बाथरूमच्या पत्र्याच्या दाराला टेकली होती. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. आतून सासऱ्यांचा आवाज आला, "कोन हाय? दार उघडत का नाय?"

"मीच आहे, आबा. एक मिनिट."

"जावय, तुमी बाहेर काय करता?"

मी इंजिन सुरू केलं, हात वर न्यायचा दांडा ओढला. हात हलेना. पंप मात्र असा किंचाळला की कोंबड्या कुंपणापार गेल्या. मला प्रश्न पडला, हा ओरडतोय का? शहाळं संपल्यावर स्ट्रॉ असाच आवाज करतो. म्हणजे पंपाला तेल मिळत नाही. पण टाकी तर भरलेली!

"कसला विचार करताय?" मनीषाने विचारलं.

"पंपाचा."

"आबांचा करा."

तेवढ्यात पाहुणे आले. पुढे मुलाचे आजोबा. "पोरीचे वडील दिसत नाय?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आबाच आतून बोलले, "या, बसा. मी आलोच. पानी जरा थंड झालंय."

आणि मला आठवलं, फडकं कुठाय? इंजिन बंद करून तार वाकवली, टाकीत फिरवली. पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी ते चिकटून बसलं होतं. ते ओढून काढलं. पुन्हा इंजिन लावलं, पंप जरा गुरगुरला आणि हात डौलात वर गेला.

दारही वर गेलं. बकेटीचे दात दाराच्या वरच्या कडेत अडकले होते. बिजागऱ्या तुटल्या आणि आबा कमरेला पंचा, डोक्यावर साबण अशा अवस्थेत सगळ्या पाहुण्यांसमोर प्रकट झाले. त्यांनी शांतपणे हात जोडले.

मुलाच्या आईने नजर वळवली. आजोबा मात्र बराच वेळ दाराकडे, मग आबांकडे बघत राहिले. "मानसं मोकळी हायत," ते म्हणाले. "आमाला पसंत हाय."

लग्न झालं. सील बदललं, हात आता जिथे ठेवावा तिथे राहतो. पण मी सासुरवाडीला गेलो की आबा आंघोळीआधी विचारतात, "जावय कुठं हाय?" मी ओटीवर दिसलो तरच कडी लावतात. नाही दिसलो, तर त्या दिवशी आंघोळ नाही.