ओली सुतळी

ओल्या सुतळीचा वास आला की हिवरखेडची ती दुपार आठवते. केळी आखातात पाठवणारा व्यापारी काकूला फोनवर म्हणाला होता, भाव टिकेलच असं नाही. तिच्या केळीला तर अजून एक पाणी द्यायचं होतं. काकू सारखी येरझाऱ्या घालत होती. शेवटी पाणी किती उरलंय ते बघायला तिने वजनाला लोखंडी नट बांधलेली सुतळी बोअरमध्ये सोडली. वर आली तेव्हा टोकच तेवढं भिजलं होतं. अमरावतीला अर्थशास्त्र शिकवणारा मी ऐटीत म्हणालो, "थोडं पाणी पुढच्या सालासाठी राखून ठेव ना, काकू." ती भडकली, "राखून कोठी ठेवू? मी थांबली तं शेजाऱ्याचा बोअर तेच पाणी ओढते!" आणि तिने मोटर चालू केली. अजूनही वर्गात 'साठ्याचा मालक एकच आहे असं धरू' हे वाक्य आलं की माझा खडू थांबतो.