अक्काचा मास्क आणि धुळ्याची बुंदी

‘धुळ्याला शेवभाजी खायला चाललेय,’ असं घरी सांगून मी नाशिकहून गाडी काढली. कुणालाच नवल वाटलं नाही, कारण मी वांग्याच्या भरतासाठीही एवढं अंतर कापलेलं आहे. खरं कारण होतं अक्का, म्हणजे माझी मावशी. पाचोऱ्याजवळच्या खेड्यात राहते, आयुष्यभर दातांना तंबाखूची मिसरी लावते, आणि तिच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा आलाय. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणते, “माले काय बी व्हयेल नई.”

धुळ्यात माझी कॉलेजातली मैत्रीण वैशाली कुत्र्यांना कॅन्सरचा वास ओळखायला शिकवते. माणसाने दहा मिनिटं मास्क लावायचा, पिशवीत बंद करून द्यायचा. कुत्र्याला त्यात संशय आला तर ते तिथेच खाली बसतं. तपासणीला न येणारी अक्का नुसतं मास्कात श्वास घ्यायला नाही म्हणणार नाही, हा माझा हिशेब.

नाशिक-धुळे रस्ता झकास आहे. आरामात तीन तास धरा, टोलसाठी फास्टॅग भरून ठेवा. हायवेवरच्या ढाब्यात शेवभाजीचं ताट दीडशेच्या आत मिळालं. तर्री इतकी जहाल की शेजारच्या टेबलावरचे आजोबा माझं नाक पाहून म्हणाले, “ताई, कांदा खा, कांदा!” कांद्याने काही उपयोग झाला नाही, पण मजा आली.

वैशालीकडून मास्क आणि पिशवी घेऊन पुढे निघाले. पारोळा, मग भडगावमार्गे पाचोरा. थंडीचे दिवस, रस्ताभर कापसाने फुगलेल्या गाड्या. त्यांना ओव्हरटेक करायची घाई करू नका. अक्काने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत तयार ठेवलं होतं. मी पोटभर जेवले, ती मात्र भाकरी दुधात कुस्करून हळूहळू खात होती. मास्कचं सगळं समजावलं तर लगेच हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला गेले आणि गप्पांत रमून दुपारी परतले, तोवर तिने मास्क लावून, पिशवीत घालून, वर गाठही मारून ठेवली.

धुळ्यात वैशालीने ती पिशवी न हुंगता तशीच डब्यात रिकामी केली आणि तो डबा इतरांच्या मास्कच्या डब्यांच्या रांगेत ठेवला. बुंदी नावाची तिची लॅब्रेडोर रांगेतून फिरली. अक्काच्या डब्याशी थांबली, शिंकली आणि पुढे गेली. मी तिथूनच फोन लावला, “अक्का, काही नाही निघालं!” मला रडूच आलं होतं. तेवढ्यात मास्क उचलून वैशाली म्हणाली, “अगं, याला साबणाचा वास येतोय.”

फोन चालूच होता. अक्काने ऐकलं आणि ठणकावून म्हणाली, “मंग? मळकं फडकं दुसराना हातमा देतस का? धोईसन, उनमा वाळाईसन दिन्हं.”

पुन्हा पारोळा, पुन्हा भडगाव. या वेळी मी अक्कालाच गाडीत घातलं. मास्क तिने धुळ्यात वैशालीसमोर लावला. आम्ही खिडकीच्या काचेमागे बसलो. बुंदी दोन डब्यांवरून गेली आणि तिसऱ्यापुढे शांतपणे बसली.

“तो मना शे का?” अक्काने विचारलं.

“हो, अक्का,” वैशाली म्हणाली. “कुत्रं चुकूही शकतं. पण आता तोंड डॉक्टरांना दाखवायचंच.”

अक्काने काचेला नाक लावून बुंदीकडे बघितलं. मग म्हणाली, “तिखट खादं का झोंबस. सगळासले खोटं सांगं मी. हिले खोटं कसं सांगू?”

जळगावात डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतला. कॅन्सरच होता, पण नुकता सुरू झालेला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. त्या दिवशी जळगावात खाल्लेल्या केळ्याच्या वेफर्सइतकं चविष्ट मी काही खाल्लेलं नाही. वेफर्स साधेच होते.

नाशिकला परतून आता दोन महिने झाले. जाणार असाल तर थंडीत जा, भरीत तेव्हाच खरं. घरात कुणाच्या तोंडातला चट्टा जात नसेल तर मात्र मोसमाची वाट पाहू नका, आणि कुत्र्याचीही नको, सरळ डॉक्टरांकडे न्या. अक्काची मिसरीची डबी आता माझ्याकडे आहे. जप्तच केलीय म्हणा ना.

काल तिने पाठवलेलं गाठोडं आलं. माझ्यासाठी उडदाचे पापड, आणि खाली तिचं जुनं लुगडं, घडी घालून, चक्क न धुतलेलं. मी चक्रावून फोन केला.

“बुंदीना बिछानाले शे ते,” अक्का म्हणाली. “मुद्दाम नई धोयं. तिले सांगजो, हाई नीट हुंगी ले, पन आते बठू नको.”