न्यानचा मेन आणि माझा मेन

होंग न्गू या आमच्या नदीकाठच्या गावच्या बाजारातल्या कॉफीच्या टपरीवर पंगस माशाच्या पिल्लांबद्दल कुणाला काही अडलं की लोक मला विचारतात. मीही सांगतो. बर्फाची कॉफी संपेपर्यंत सांगतो, मग दुसरी मागवतो. त्यातलं कुणी काहीच करत नाही, हे मला फार उशिरा कळलं. ते माझं ऐकून घेतात आणि घरी जाताना वाट वाकडी करून माझ्या बायकोला विचारतात.

ती न्यान. अंगाने काटकुळी, बोलायला मोजकी. पिल्लांचं तळं बावीस वर्षं तीच सांभाळते. बांधावरची पाटी तेवढी माझ्या नावाची आहे, तीही मीच लावली. रोज सकाळी ती पांढऱ्या वाडग्यात दहा-बारा पिल्लं घेते आणि उजेडाकडे धरून त्यांची पोटं बघत बसते. कुणाचं पोट भरलंय, कुणाचं आतून बिघडलंय, तिला दिसतं. मला त्या वाडग्यात वळवळणाऱ्या टाचण्या दिसतात.

पूर्वी पिल्लं आजारी पडली की सगळेच खाद्यात मूठभर औषध कालवायचे. मग कुठल्याशा शिबिरात न्यानने पोटातल्या चांगल्या जिवाणूंबद्दल ऐकलं. मी टपरीवर यथेच्छ टिंगल केली, की आमची बाई आता माशांना दही भरवणार. तिने वाद घातला नाही. दोन पिंपांत सारखी पिल्लं टाकली, एका पिंपाला जिवाणू घातलेलं खाद्य दिलं, दुसऱ्याला साधं, आणि महिन्याने मला हाताला धरून दोन्ही दाखवली. साध्या पिंपात निम्मीही जगली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी टपरीवर जिवाणूंचे फायदे सांगू लागलो, जणू ते मीच शोधून काढले होते. चांगल्यांनी आतड्यात जागा धरली की वाईटांना बसायला जागा उरत नाही, हे वाक्य तिचं आहे. मी ते इतक्यांदा वापरलंय की आता ती स्वतः म्हणायला कचरते.

यंदा तळ्यात अठरा दिवसांची पिल्लं असताना तिची आई आजारी पडली आणि तिला कॅन थोच्या इस्पितळात ठेवलं. न्यान एकुलती एक. दोन दिवस ती धड गेली नाही, धड राहिली नाही. पिशवी भरायची आणि परत बांधावर जाऊन उभी राहायची. शेवटी मी छाती ठोकून म्हणालो, तू जा, तळं माझ्यावर सोड. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने ते सोडलं. मला खरंच फार बरं वाटलं.

बसमधून तिने फोन केला. "मळीच्या पिंपात मेन घाला, दोन दिवस मुरू द्या, मग खाद्याला चोळून द्या."

"मला शिकवतेस होय?" मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता आमच्या भाषेत मेन हा शब्द एकच. पिल्लांच्या पोटात घालायचे जिवाणूही मेन, आणि भात आंबवून दारू काढायच्या पांढऱ्या गोळ्याही मेन. न्यानचा मेन फ्रिजमध्ये होता. पण ज्या मेनशी माझी जन्माची ओळख, तो चुलीवर टांगलेल्या टोपलीत होता. शंका आली असती तर विचारलं असतं, पण शंका येण्याइतकी अक्कल लागते. मी सहा गोळ्या कुटल्या आणि उसाच्या मळीत सोडल्या.

दोन दिवसांनी पिंप असं काही फसफसत होतं, की शेजारचा मुओई वासावरच आला. त्याने पेलाभर चाखलं, मग आणखी एक.

"तामदादा, हे माशांना देणार?" तो कळवळून म्हणाला.

मला ती दाद वाटली. आम्ही सुक्या मासळीबरोबर आणखी दोन-दोन पेले घेतले, उरलेलं मी खाद्याला चोळलं आणि दिवसभर तळ्यात टाकलं. पिल्लं तोंड लावत नव्हती, म्हणून मी जास्त टाकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाण्याला घाण वास येत होता. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजलं होतं आणि पिल्लं काठाला गोळा होऊन तोंडं वर काढत होती. किती तरी पांढरी पडून तरंगत होती. मुओईला झाला प्रकार सांगितला तर तो म्हणाला, रोग आला म्हणून सांग, रोगाला कोण विचारतंय. सल्ला चांगला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"खातायत का?" न्यानने विचारलं.

मागून तिच्या आईचा खोकला ऐकू येत होता. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "न्यान, मी दारूचा मेन घातला."

शिव्या न देता तिने एकेक काम सांगितलं. खाद्य बंद, नदीचं पाणी आत, घाण पाणी बाहेर, हवेचा पंप सुरू, मेलेली वेचा. मी गुडघाभर चिखलात उभा राहून हो हो म्हणत होतो. संध्याकाळी पाहतो तर ती पिशवी घेऊन बांधावर उभी. आईला तशीच सोडून पाच तास बसचे धक्के खात ती आली होती, माझ्यामुळे. त्या क्षणी मला माझी भयंकर लाज वाटली आणि मुओईने दिलेला सल्लाही मी तिला सांगून टाकला.

निम्मी पिल्लं वाचली होती. वाडगा खाली ठेवून ती म्हणाली, "चूक माझीपण आहे. नुसतं मेन म्हणाले."

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

सकाळी तिने फ्रिजमधली पुडी माझ्या हातात दिली, वाडगा कसा धरायचा ते दाखवलं आणि परत बसला निघाली. मी म्हणालो, अगं, अजूनही माझ्यावर टाकून जातेस?

"काल रोग आला म्हणाला असतात, तर गेले नसते."

पुढचे आठ दिवस मी टपरीवर फिरकलो नाही. दर खाद्याच्या आधी फोन करायचो. पुडी हीच ना, चमचा सपाट की शिगोशीग, वास आंबट येतोय, चालेल ना. दिवसाला सहा-सात फोन. चौथ्या दिवशी दुपारी फोन सासूबाईंनी उचलला. आवाज बारीक, पण ठाम.

"न्यान झोपलीये माझ्या शेजारी," त्या हळूच म्हणाल्या. "आल्यापासून आज पहिल्यांदा झोपलीये. तिला उठवू नका जावईबापू, काय विचारायचं ते मला विचारा."

मी वाडगा उजेडाकडे धरला आणि म्हणालो, विचारायचं काही नाही, पोटं भरलेली दिसतायत.