दुसऱ्या पडद्याचं कार्ड

रामदासपेठेत कॉम्प्युटर जोडून देणारा एक जण होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एका पडद्यावर नकाशे, दुसऱ्यावर पत्रं, असा माझा थाट ठरला होता. म्हणून भारी प्रोसेसर आणि दर पडद्याला एक अशी दोन ग्राफिक्स कार्डं मागितली. तो फडक्याने कार्ड पुसत राहिला.

“साहेब, जेवताना पेपर वाचता का?”

“वाचतो.”

“वहिनी बोलून राहिल्या तरी?”

“हो.”

“मंग काल काय म्हणाल्या, सांगा बरं.”

मला एकही शब्द आठवेना. रागच आला. त्याने एक कार्ड शांतपणे खोक्यात परत ठेवलं.

“मशीन करते हो दोन कामं. पाहणारे तर तुम्ही एकटेच ना!”

एकच पडदा घेऊन घरी आलो. जेवताना पेपर बाजूला ठेवला, तर बायको घाबरली. “काहून हो, बरं नाही वाटून राहिलं का तुम्हाले?”